आर्वीच्या गाडीतली वाहक

हवाई सेविकांचं रोजचं काम आणि त्यातले धोके, हा विषय संपादकांनी दिला तेव्हा मी नागपूरच्या विमानतळाऐवजी आर्वीचं बसस्थानक गाठलं. वर्धा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. पण चालत्या वाहनात उभं राहून अनोळखी माणसांची सोय, शिस्त आणि सुरक्षा सांभाळणाऱ्या बाया इथेही रोज पहाटे कामावर निघतात. त्यांच्या गणवेशावर एसटीच्या वाहकाचा बिल्ला असतो. विमानात दर पन्नास आसनांमागे किमान एक सेवक लागतो. एसटीच्या गर्दीच्या फेरीत त्याहून जास्त माणसं एकटी वाहक सांभाळते.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तिचे वाहक लक्ष्मण केवटे. आज वर्धा विभागात वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव आणि तळेगाव ही आगारं आहेत. पुलगाव-आर्वी नॅरोगेज रेल्वे बंद पडल्यापासून आर्वीकडच्या गावांना लाल गाडीचाच आधार उरला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात निघालेला रुग्ण आणि वर्ध्याच्या कॉलेजात निघालेली पोरगी एकाच बाकावर बसतात.

मी ज्या वाहकताईंसोबत वर्ध्यापर्यंत गेले, त्यांच्या हातातल्या तिकीट मशीनवरून माझी नजर हटेना. पूर्वी वाहकाकडे छापील तिकिटांचा ट्रे आणि पंच असायचा. आता सगळा हिशेब या यंत्रात असतो. भाडं टप्प्यावर ठरतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. खरांगण्याला एक कुटुंब चढलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांचा प्रवास मोफत, सुनेला महिला सन्मान योजनेतून अर्धं भाडं, मुलाला पूर्ण आणि आठ वर्षांच्या नातवाला बालकाचं अर्धं. एका घरातल्या चार माणसांची चार प्रकारची तिकिटं. शून्य रुपयांचंही तिकीट काढावंच लागतं. ताईंनी आजोबांचं आधार कार्ड पाहिलं, चौघांची तिकिटं काढली, पाचशेच्या नोटेचे पैसे परत केले आणि दोरी दोनदा ओढली. डबल बेल मिळताच चालकाने गाडी काढली. “बाई, सुट्टे नाई जी माह्याकडं,” असं मागून कुणी म्हणालं, तेव्हा त्या आधीच तिथे पोचल्या होत्या.

हे सगळं होताना त्यांचा एक हात मशीनवर होता आणि दुसरा पैशांत. आधाराला धरायला तिसरा हात नाही. कंबर बाकाच्या दांडीला टेकवून, पाय फाकवून त्या तोल सांभाळत होत्या. विमान उडताना आणि उतरताना हवाई सेविका पट्टा बांधून बसते. वाहकाला आसन असतं, पण पुढच्या टप्प्याआधी सगळ्यांची तिकिटं व्हायला हवीत, म्हणून गर्दीत ते रिकामंच राहतं. गतिरोधक आणि खड्डे मात्र सांगून येत नाहीत. कंबर, गुडघे आणि पायांच्या शिरा वर्षानुवर्षं हे सोसतात.

मधेच मार्ग तपासणी पथक चढलं, तर प्रवासी, तिकिटं आणि रोकड यांचा मेळ बसलाच पाहिजे. एखादा बिनतिकीट निघाला तर जाब वाहकालाच. रोकड कमी भरली तर ती पदरची घालायची. मार्च २०२३ मध्ये महिलांचं भाडं अर्धं झालं आणि गाड्या बायांनी भरल्या, ही आनंदाचीच गोष्ट. त्या गर्दीचा भार मात्र वाहकाच्या अंगावर आला. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर सुट्ट्या पैशांवरून वाद वाढले. कर्तव्यावरच्या वाहकावर हात उचलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे. तरी धमकी आणि शिवी ऐकून पुढचं तिकीट काढावंच लागतं.

याहून मोठा त्रास कुणी उघड बोलत नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, पत्रा तापतो, आणि ताई पाणी मोजून पितात, कारण फेरी संपते त्या गावात स्वच्छतागृह नसतं. अशाने मूत्रमार्गाचे आजार जडतात. पहिल्या गरोदरपणात हवाई सेविकेची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रद्द केला. एसटीत तसा नियम नाही, पण गरोदर बाईने हादरणाऱ्या गाडीत उभं राहून तिकिटं काढावीत का, हा प्रश्न उरतोच. तिला टेबलाचं काम मिळणं हा तिचा हक्क मानला पाहिजे, साहेबाची मेहरबानी नव्हे. मुक्कामी गाडीवरचे वाहक-चालक तर कित्येकदा गाडीतच अंग टाकतात.

१९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तास काम होण्याआधी अर्धा तास विश्रांती आणि रात्री मुक्काम असेल तिथे विश्रांतिगृह, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं. तेवढं पाळलं तरी पुरे. आगाराने आणि ग्रामपंचायतीने मिळून शेवटच्या प्रत्येक थांब्यावर पाणी आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह बांधावं. आणि गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाने सुट्टे पैसे हातात ठेवून ताईंना दोन मिनिटं बसू द्यावं.