दोन टाकले तर एक

"बॅटरीवर विसंबलेली वस्ती उन्हाळा काढत नाही. बॅटरी निम्मं स्वतःच खाते." छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातल्या चहाच्या टपरीवर हे वाक्य कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, पोरगा सौर कृषिपंपांविषयी बोलतोय. विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला, गंगापूर तालुक्यातल्या कापूसवाल्या घरातला मुलगा दुसरं कशाविषयी बोलणार? तर तो 'रिमवर्ल्ड' नावाच्या व्हिडिओ गेमविषयी बोलत होता. घरातला जाणता माणूस बेगमीबद्दल बोलतो तसा त्याचा सूर होता. मला राहवलं नाही. त्याच्या खोलीवर गेलो आणि पुढेही जात राहिलो.

'रिमवर्ल्ड' टायनन सिल्व्हेस्टर आणि त्यांच्या लुडियॉन स्टुडिओजने बनवलेला. त्याची पूर्ण आवृत्ती २०१८ च्या ऑक्टोबरात आली. यान कोसळून तीन माणसं अनोळखी ग्रहावर पडतात आणि त्यांची वस्ती तुम्हाला जगवायची असते. झाडं तोडा, भिंती उभारा, भात लावा, खाटा टाका, हे सगळं अर्ध्या तासात उरकतं. अधूनमधून टोळधाड येते, बंदुका चालतात. पण गोळीपेक्षा नासलेल्या धान्याने, थंडीने आणि बंद पडलेल्या विजेने इथल्या वस्त्या जास्त बुडतात, असं या पोराचं म्हणणं. "गोळीनं मेलं तर कळतं तरी, सर. हिशेबानं मेलं की पंधरा दिवसांनी कळतं."

जागा निवडताना त्याने हिरवीगार दरी सोडून कोरडं, झुडपी माळरान घेतलं, बाजूला एक नदी. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "ओळखीचं वाटतं."

मला सगळ्यात जास्त बघावासा वाटला तो पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातला एक छोटा चौकोन. कुठल्याही यंत्रावर टिचकी मारली की तिथे त्याची कुंडली उघडते. बॅटरीवर मारली तर चार गोष्टी दिसतात: साठा किती (एका बॅटरीत जास्तीत जास्त ६०० वॉट-दिवस), कार्यक्षमता किती (५० टक्के), आपोआप गळती किती (५ वॉट), आणि सगळ्या तारांच्या जाळ्यात मिळून या क्षणी किती वीज जादा किंवा कमी. हा चौकोन तो दर दोन मिनिटांनी उघडतो. लढाई चालू असली तरी उघडतो.

सौर पॅनेल भर दुपारी १७०० वॉट देतं, सकाळ-संध्याकाळ त्याहून कमी, रात्री शून्य. धान्याच्या कोठाराला थंड ठेवणारा कूलर २०० वॉट ओढतो, विजेची शेगडी ३५०, धातू वितळवायची भट्टी ७००. बंद खोलीत पीक घ्यायचं तर लागणारा सूर्यदिवा एकटा २९०० वॉट खातो. म्हणजे भर दुपारचं अख्खं पॅनेल देऊनही त्याचं पोट भरत नाही. नवखे लोक हाच दिवा आधी लावतात आणि बुडतात, हे त्याने मला किंचित तुच्छतेने सांगितलं.

मग लॅब जर्नलच्या मागच्या पानावर त्याने मांडून दाखवलं. दोन कूलर रात्रभर, म्हणजे अर्धा दिवस चालवायला २०० वॉट-दिवस लागतात. ते बॅटरीतून यायचे तर दिवसा तिच्यात ४०० भरायला हवेत. "दोन टाकले तर एक. हे डोक्यात बसलं की गेम बदलतो." त्यानंतर जिथे जिथे साठवणुकीचा विषय निघाला तिथे तिथे हे वाक्य आलं, आणि हळूहळू माझ्याही तोंडी बसलं.

दोन टाकले तर एक, म्हणून त्याचा पहिला नियम असा की साठवू नका, कामाची वेळ हलवा. भट्टी दुपारीच चालते. स्वयंपाक उन्हातच होतो, दोन दिवसांचा एकदम. रात्री वीज फक्त कोठाराला. कोठार डोंगरात खोदलेलं, भिंती दुहेरी, मध्ये आणखी एक दार. आत तापमान शून्याखाली असेपर्यंत मांस नासत नाही आणि कोठार पुरेसं गार झालं की कूलर दहा टक्के विजेवर येतो. नव्या पॅनेलपेक्षा दुहेरी भिंत स्वस्त पडते, हा त्याचा आवडता सिद्धान्त.

दुसरा नियम: साठवलंच तर एका जागी साठवू नका. या खेळात मधूनच तारांचं शॉर्टसर्किट होतं. त्या जाळ्याला जोडलेल्या सगळ्या बॅटऱ्या क्षणात रिकाम्या होतात आणि स्फोट होतो. साठा जितका मोठा, तितका स्फोट मोठा. म्हणून त्याच्या निम्म्या बॅटऱ्या एका बटणापलीकडे, जाळ्यापासून तोडून ठेवलेल्या असतात. लाकडावरचं १००० वॉटचं जनित्रही तसंच, बंद. त्याला दिवसाला २२ ओंडके लागतात आणि या माळावर झाडं कमी.

हे सगळं तो कुठे शिकला? मला वाटलं, कॉलेजात. त्याने मान हलवली. "बाबांकडे." शेतीच्या फीडरला वीज आठ तास, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी, त्या आठवड्यात बाप टॉर्च आणि काठी घेऊन विहिरीवर स्टार्टर दाबायला जातो. कपाशीला पाणी कधी द्यायचं ते कपाशी ठरवत नाही, फीडर ठरवतो. "मी इथं कामाची वेळ हलवतो म्हणून तुम्ही हुशार म्हणता. बाबा तेच करतात. त्यांना कोणी म्हणत नाही."

तिसरी गोष्ट मला सर्वांत विशेष वाटली. मूळ 'रिमवर्ल्ड'मध्ये माणसांना पाणी लागत नाही. भूक आहे, झोप आहे, उदासी आहे, दारूचं व्यसनसुद्धा आहे, तहान नाही. कॅनडातल्या माणसाने बनवलेल्या खेळात ते चालून जात असेल, या शहरात चालत नाही. या मुलाने 'डब्स बॅड हायजीन' नावाची एका हौशी प्रोग्रॅमरने केलेली जोड त्यात बसवली आहे. तिच्यात विहीर, पंप, पाइप, उंच टाकी, संडास, सांडपाणी सगळं येतं आणि हवी तर तहानही चालू करता येते. त्याने चालू केली आहे. "पाणी लागत नाही असा सर्व्हायव्हल गेम औरंगाबादला कोण खेळणार?" (शहराचं जुनं नाव त्याच्या तोंडून अजून सहज येतं.) पाणी आलं तशी विजेची ओढ वाढली, कारण पंपालाही वीज लागते. पाणी आणि वीज या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे त्या पडद्यावर लख्ख दिसतं.

नदीवर त्याने जलचक्कीचं जनित्र बसवलं आहे. ११०० वॉट, दिवसरात्र, न थकता. मी म्हटलं, आपल्या पाणचक्कीसारखं. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातली ती चक्की काही कोसांवरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून पाडून जातं फिरवायची. यात्रेकरूंचं पीठ तिच्यावर दळलं जायचं. तो म्हणाला, पाहिलंय लहानपणी, शाळेच्या सहलीत. पण इथली गंमत वेगळी आहे. त्याने शेजारी दुसरी चक्की बसवून दाखवली. लगेच दोघींची वीज घटली. खेटून बसवल्या तर प्रवाह वाटला जातो आणि दोघी उपाशी राहतात.

या जिल्ह्यातल्या माणसाला याची वेगळी व्याख्या नको. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं, आणि वर नाशिक-नगरकडे धरणं वाढत गेली तसतसं खाली किती पाणी पोहोचायचं यावर भांडण सुरू झालं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं. मेंढेगिरी समितीने सूत्र दिलं, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. तरी दर टंचाईच्या वर्षी मोर्चे निघतात, कोर्टात तारखा पडतात आणि सोडलेल्या पाण्यातलं बरंचसं कोरडं पात्र वाटेतच पिऊन टाकतं. दोन टाकले तर एक.

एका संध्याकाळी मी बसलेलो असताना पडद्यावर सौरज्वाळेचा इशारा आला. हा या खेळातला सगळ्यात निर्दय प्रकार: विजेवर चालणारं सगळं ठप्प, जनित्र असो वा बॅटरी. त्यातच वस्तीवर उष्णतेची लाट. त्याचा अंगठा स्पेसबारवर गेला आणि पडद्यावरचं जग जागच्या जागी थांबलं. स्वयंपाकी दारात, एक पाय पुढे. कोठाराचं तापमान उणे चार. मुलगा हनुवटीवर हात ठेवून बसला. मग एकेक हुकूम: कोठाराची दारं बंद, कोणी आत जायचं नाही; पाण्याची टाकी भरलेली आहे, ती फक्त पिण्यासाठी; लाकडं निजण्याच्या खोल्यांतल्या बिनविजेच्या थंडाव्याला; शिकार थांबवा, मांस ठेवायला जागा नाही. सगळं लावून झाल्यावरच त्याने पुन्हा स्पेसबार दाबला. वस्ती तगली. तापमान उणे एकपर्यंत चढलं होतं.

त्याच सुमारास खोलीतले दिवे गेले. यूपीएस चिरकू लागला. त्याने आधी खेळ सेव्ह करून बंद केला, मग पंखा थांबल्याचं त्याच्या लक्षात आलं. जिन्यातून घरमालकीण काकूंचा आवाज: "अरे, लाइट कधी येणार? पाणी आलंय ना!"

त्या दिवशी त्या गल्लीची पाळी होती. शहरात पाणी रोज येत नाही, आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहून उशिरा. आलेल्या तासाभरात मोटर चालली नाही तर गच्चीवरची टाकी रिकामी राहते. काकू अंगणातल्या हौदापाशी बादल्या लावून उभ्या होत्या. मग आम्ही दोघं आणि काकू, बादलीने ड्रम भरत राहिलो. काकूंचं नियोजन त्या मुलाच्या तोडीचं आहे, किंबहुना वरचढ. पिण्याचं वेगळं, ते झाकून. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासला, पाहुणे आले तर राखीव पिंप. कुठल्या वॉर्डात आज सोडलं, यावरून आपला नंबर कधी, हा अंदाज फोनवरून तीन नणंदा-जावांकडून बांधायचा. फरक एवढाच की त्यांना स्पेसबार नाही. आणि डाव्या कोपऱ्यातला तो चौकोन नाही.

इथे माझा खेळाबद्दलचा आदर आणि संशय दोन्ही वाढले. संशय यासाठी, की खेळात सगळं एकट्याच्या हातात असतं. कोणाची वीज तोडायची हे तुम्ही ठरवता आणि ज्याची तुटते तो मोर्चा काढत नाही. टंचाईत खरं अवघड काम म्हणजे कोणाला आधी आणि कोणाला उशिरा, हे माणसांसमोर उभं राहून सांगणं. ते हा खेळ शिकवत नाही. त्यामुळे 'गेम खेळून मुलं व्यवस्थापन शिकतात' अशा व्याख्यानांवर माझा फारसा विश्वास नाही. या मुलाला व्यवस्थापन बापाच्या विहिरीवर कळलं आणि खेळात त्याचा सराव झाला.

आदर यासाठी, की खेळ हिशेब लपवत नाही. तोटा असेल तर तोटा दाखवतो, गळती असेल तर ५ वॉटपर्यंत दाखवतो. आपल्या पाण्याची वाट किती लांब आहे बघा: जायकवाडीतून उचलायचं, ढोरकीन, फारोळ्याचं शुद्धीकरण केंद्र, नक्षत्रवाडी, मग शहरातल्या टाक्या. या वाटेवर एका ठिकाणी वीज गेली की शहराचं वेळापत्रक पुढे सरकतं, आणि ते नागरिकाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कळतं. १६८० कोटींची म्हणून २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजन झालेली नवी योजना पुढे २७४० कोटींवर गेली. २५०० मिलिमीटर व्यासाची मुख्य वाहिनी हा तिचा कणा. मोठा पाइप हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण मोठ्या पाइपने हिशेब आपोआप दिसू लागत नाही.

टंचाई माणूस सोसतो. काकू सोसतात, गंगापूरचा तो शेतकरी सोसतो. जे सोसवत नाही ते आंधळेपण: आज किती आहे, कुठे गेलं, आपली पाळी कधी, यातलं काहीच ठाऊक नसणं. प्रत्येक जलकुंभाच्या भिंतीवर रोज तीन आकडे लिहायला खडू आणि फळा पुरे: काल किती पाणी आत आलं, किती बाहेर गेलं, उद्या कोणत्या वस्तीला किती वाजता. त्यासाठी कोटी लागत नाहीत.

तुमच्या वॉर्डात मत मागायला जो कोणी येईल त्याला एवढंच विचारा: जायकवाडीतून काल किती उचललं आणि आमच्या जलकुंभापर्यंत किती पोहोचलं? दोन्ही आकडे सांगता आले, तरच पुढचं ऐका.