एका फुटबॉलच्या चित्राची कथा
पहिल्या महायुद्धांतील फुटबॉलचीं छायाचित्रें हल्लीं दिवाणखान्यांत लावण्याजोगीं कलाचित्रें म्हणून विकलीं जातात. त्यांपैकीं लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमच्या संग्रहांतील एक आम्हांस विशेष मोलाचें वाटतें. १९१५ च्या नाताळच्या दिवशीं ग्रीसमधील सॅलोनिका येथें एरियल व्हार्जेस यांनीं तें टिपलें. ब्रिटिशांच्या २६ व्या डिव्हिजनच्या दारूगोळा वाहणाऱ्या तुकडीचे अधिकारी व शिपाई एकाच चेंडूमागें धांवत आहेत, तेंही गणवेशांत! हुद्द्याचें अंतर तेवढ्या घटकेपुरतें तरी कोणाच्या ध्यानांत राहिलें नसावें.

दुर्दैव असें कीं, हेंच चित्र १९१४ च्या नाताळांतील सुप्रसिद्ध तात्पुरत्या तहाचें म्हणून वारंवार छापलें जातें. त्या दिवशीं पश्चिम आघाडीवर अनेक ठिकाणीं इंग्रज व जर्मन शिपाई खंदकांबाहेर येऊन भेटले, क्वचित् चेंडूही खेळले, असें शिपायांच्या पत्रांवरून दिसतें. परंतु या चित्रांत जर्मन एकही नाहीं. शत्रूशीं झालेला सामना समजून तें घेणाऱ्याच्या भिंतीवर वेगळाच प्रसंग लटकत राहतो. आमच्या मतें घराबाहेर सण काढणाऱ्या त्या मंडळींचा खरा प्रसंगही कांहीं कमी हृद्य नाहीं. चौकटीचा खर्च करण्यापूर्वीं चित्राखालील स्थळ, वर्ष व छायाचित्रकाराचें नांव संग्रहालयाच्या नोंदीशीं ताडून पाहावें.