आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत

“जरा मोठ्याने बोल, ऐकू येत नाही.” मुलगा आवाज चढवतो. “अरे, ओरडतोस कशाला?” वयस्कर माणसं असलेल्या घरांना हा संवाद पाठ असतो. मुलाला वाटतं, बाबा मुद्दाम करतात. बाबांना वाटतं, हल्ली घरात कुणी धड बोलतच नाही. खरं तर चूक कुणाचीच नसते. बाबांच्या कानात जे घडलेलं असतं, त्यामुळे ही दोन्ही वाक्यं एकाच मिनिटात, एकाच तोंडून, अगदी मनापासून निघतात.

कानात काय घडलंय हे मोजणं, त्यावर उपाय करणं आणि पुढची अनेक वर्षं त्या माणसाच्या सोबत राहणं, हे ऑडिओलॉजिस्टचं काम. मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागाला लागून त्यांची खोली असते. बहुतेकांसाठी ती ‘कानाचं मशीन देतात ती खोली’. पण मशीन हा या कामाचा एक टप्पा झाला. त्याच्या आधी आणि नंतर जे घडतं, त्यावर सगळं यश अवलंबून असतं.

कानात बिघडतं ते काय?

कानाच्या सगळ्यात आतल्या भागात कॉक्लिआ नावाची, द्रवाने भरलेली, साधारण अडीच वेढ्यांची शंखाकृती नळी असते. आवाज आला की तिच्यातल्या पडद्यावरून लहर सरकते. ही लहर कशी सरकते ते शोधून काढल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. या पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात. एका कानात आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत सुमारे १२,०००. आतल्या पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात. बाहेरच्या पेशी स्वतः आखडून आणि ताणून बारीक आवाजांना बळ देतात. माणसाच्या कानात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

वयामुळे किंवा गोंगाटामुळे आधी बळी जातो तो बहुधा बाहेरच्या पेशींचा. मग बारीक आवाजांना मिळणारं बळ जातं, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा वाटत राहतो. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘सहन होत नाही’ यांमधलं अंतर आक्रसतं. सुरुवातीच्या संवादाचं उत्तर इथे आहे.

दुसरं नुकसान त्याहून फसवं आहे. हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी कॉक्लिआत स्वरांची जागा ठरलेली असते: तोंडाशी उंच पट्टी, टोकाशी खालची. झीज सुरू होते ती तोंडापासून. मराठी बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, त्यांच्यात जोर असतो. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं उंच पट्टीतली आणि दुबळी. म्हणून बोलण्याचा आवाज कानावर पडतो, पण व्यंजनं गळून जातात. भाजीवाली ‘साठ’ म्हणते आणि आजींना ‘आठ’ ऐकू येतं. ‘सात’चं ‘आत’ होतं. शांत खोलीत समोर बसून बोललं तर मेंदू संदर्भावरून गाळलेल्या जागा भरतो. लग्नाच्या हॉलमध्ये, पंखा, टीव्ही आणि चार माणसांच्या गलक्यात त्याला ते जमत नाही. म्हणून ही माणसं डॉक्टरांना सांगतात, “मला ऐकू येतं हो, पण कळत नाही.” ही तक्रार शब्दशः खरी असते.

बंद खोलीतली तपासणी

आवाज आत येऊ नये म्हणून खास बांधलेल्या छोट्या खोलीत आजोबांना बसवतात, कानांवर हेडफोन चढवतात. “काका, आवाज कितीही बारीक आला, आल्यासारखा वाटला तरी बटण दाबायचं. चुकलं तरी चालेल.” काचेपलीकडून ऑडिओलॉजिस्ट मॅडम एक एक सूर सोडतात, २५० हर्ट्झपासून ८,००० हर्ट्झपर्यंत. ऐकू आला की आवाज १० डेसिबलने खाली, नाही आला की ५ डेसिबलने वर. असं वरखाली करत प्रत्येक सुराची सीमारेषा सापडते. मग कानामागच्या हाडावर एक छोटं कंपनयंत्र टेकवून तीच तपासणी पुन्हा. हाडातून आवाज थेट आतल्या कानात पोचतो. हाडातून चांगलं आणि हवेतून वाईट ऐकू येत असेल, तर अडचण मळ, फाटलेला पडदा किंवा मधल्या कानातल्या हाडांची आहे आणि ती बऱ्याचदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुटते. दोन्हींकडून सारखंच कमी असेल, तर आतल्या कानाकडे किंवा नसेकडे पाहायचं. एका कानाची तपासणी चालू असताना दुसऱ्या कानाने उत्तर चोरू नये, म्हणून गरज पडेल तेव्हा त्यात मुद्दाम खरखर सोडतात.

निकाल एका आलेखावर उतरतो, उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार २० डेसिबलच्या आत श्रवण सामान्य, ३५ ते ५० दरम्यान मध्यम दोष आणि ८० च्या पुढे अतितीव्र. पण आलेख सुरांचा असतो आणि माणूस जगतो शब्दांत. म्हणून शब्दांची यादी ऐकवून ते जसेच्या तसे म्हणायला सांगतात. दोन रुग्णांचे आलेख हुबेहूब असले तरी एकाला बहुतेक शब्द कळतात आणि दुसऱ्याला निम्मेही नाहीत, असं घडतं. फक्त आलेख पाहून यंत्र विकणाऱ्या दुकानात हा फरक निसटतो.

यंत्र चढवणं म्हणजे काय?

श्रवणयंत्राने सगळेच आवाज सरसकट वाढवले, तर मोठे आवाज असह्य होतील. म्हणून आजची डिजिटल यंत्रं बारीक आवाज जास्त वाढवतात, मोठे कमी, आणि कोणत्या पट्टीत किती वाढवायचं ते वेगवेगळं ठरवतात. हे आकडे ठरवण्यासाठी सूत्रं आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजने तयार केलेलं सूत्र जगभर वापरलं जातं.

पण सूत्र संगणकात बसतं आणि यंत्र बसतं कानात. प्रत्येकाच्या कानाची नळी लांबी-रुंदीने वेगळी, त्यामुळे एकच यंत्र दोन कानांत वेगळा आवाज देतं. त्यावर एक नेमका उपाय आहे. मायक्रोफोनला जोडलेली, शेवईइतकी बारीक मऊ नळी कानाच्या पडद्यापासून काही मिलिमीटरवर थांबेल अशी कानात सरकवतात, तिच्यावर यंत्र चढवतात आणि समोरच्या स्पीकरवर बोलणं लावतात, आधी हळू, मग नेहमीचं, मग मोठं. संगणकाच्या पडद्यावर तीन रेषा उमटतात. त्या ठरवलेल्या जागी आल्या नाहीत, तर तिथल्या तिथे यंत्राची जुळणी बदलायची. काही मिनिटांचं काम, पण यंत्र खरोखर काम करतंय की नुसतं कानाला लटकलंय हे त्यानेच कळतं. यंत्र घेताना प्रत्येकाने ही मोजणी मागून घ्यावी.

पहिले काही आठवडे

यंत्र बसवलं की काम संपत नाही. ऑडिओलॉजीची विद्या वाढली तीच मुळी रुग्णालयात. दुसऱ्या महायुद्धात तोफा-बॉम्बच्या आवाजाने कान गमावलेले सैनिक परतू लागले, तेव्हा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डेशॉन लष्करी रुग्णालयात रेमंड कारहार्ट यांनी त्यांच्यासाठी पुनर्वसनाचा कार्यक्रम उभारला. त्यात यंत्राची निवड होती आणि तितकंच महत्त्व ऐकण्याच्या सरावाला आणि ओठ वाचायला शिकवण्याला होतं. भारतात ऑडिओलॉजीचं शिक्षण १९६० च्या दशकात सुरू झालं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था त्याच काळातली, तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ ची.

यंत्राइतकाच सरावही महत्त्वाचा, हा कारहार्ट यांचा धडा आजही लागू आहे. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज यंत्रामुळे एकदम परत येतात, भांड्यांचा खणखणाट, कागदाची सळसळ, कुकरची शिट्टी. मेंदूला सवय नसते. “हे सगळं नुसतं वाजतंय हो,” म्हणून आजी मशीन कपाटात ठेवतात. सवय लागण्याआधीच हात टेकले, तर पैसे आणि आशा दोन्ही जातात. म्हणून ऑडिओलॉजिस्ट सुरुवातीला शांत खोलीत थोडा वेळ, मग दोन माणसांत, मग गर्दीत असा क्रम आखून देतात. यंत्र रोज किती तास चालू होतं याची नोंद बहुतेक डिजिटल यंत्रांत राहते. पुढच्या भेटीत ती पाहून रागवायचं नसतं, विचारायचं असतं: यंत्रातून शिट्टी वाजते का? कानात बसणारा मोल्ड टोचतो का? बॅटरीचं झाकण उघडत नाही का? थरथरत्या बोटांना ते झाकण म्हणजे डोंगर असतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळी हवेने यंत्रं बंद पडतात. रात्री ती सिलिका जेलच्या डबीत ठेवावीत, एवढं सांगितलं तरी अनेक फेऱ्या वाचतात.

घरच्यांनाही शिकवावं लागतं. ओरडू नका, समोर या. चेहऱ्यावर उजेड असू द्या. बोलण्याआधी टीव्ही बंद करा. एखादं वाक्य कळलं नाही, तर तेच पुन्हा पुन्हा म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगा. आणि “जाऊ दे, काही नाही” हे वाक्य कधीही म्हणू नका. हळूहळू माणूस बोलण्यातून उठून जातो, तो याच वाक्याने.

मशीनपलीकडचं काम

काही कर्करोगांवर दिलं जाणारं सिस्प्लॅटिन आणि अमिकासिनसारखी प्रतिजैविकांची इंजेक्शनं जीव वाचवतात, पण केशपेशींना इजा करू शकतात. उपचाराआधी आणि उपचार चालू असताना कान तपासले, विशेषतः ८,००० हर्ट्झच्या वरचे सूर, तर रुग्णाला जाणवण्याआधी नुकसान दिसतं आणि डॉक्टरांना औषधाचा फेरविचार करायला वेळ मिळतो.

एका कानाचं ऐकणं अचानक, तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर ती तातडीची बाब आहे. सर्दी असेल, मळ असेल, म्हणून थांबू नये. कानात तेल घालून वाट पाहू नये. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू केला तर सर्वात जास्त होतो.

ज्यांना चांगल्या यंत्रानेही शब्द कळत नाहीत, त्यांच्यासाठी कॉक्लिआत इलेक्ट्रोड बसवण्याचा, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटचा मार्ग आहे. ग्रॅम क्लार्क यांच्या चमूने १९७८ साली मेलबर्नमध्ये एका प्रौढाला बहुवाहिनी इम्प्लांट बसवलं. शस्त्रक्रिया सर्जन करतात. त्यानंतर एकेका इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची हे भेटीमागून भेट जुळवत नेणं आणि नव्या आवाजाचे शब्द करायला शिकवणं, हे ऑडिओलॉजिस्टचं काम.

भीती दाखवू नका, तपासून घ्या

ऐकू न येण्याचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आहे, हे अलीकडे सगळीकडे वाचायला मिळतं. २०२३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अचीव्ह चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षं पाहिलं. सर्वांचा एकत्र विचार करता श्रवण-उपचाराने बुद्धीच्या घसरणीत ठळक फरक पडला नाही. ज्यांना मुळातच जास्त धोका होता, त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. या निष्कर्षात आशा आहे, पण भीती दाखवून यंत्र विकायला तो वापरू नये. नातवाचं बोलणं कळणं, बँकेत एकट्याने व्यवहार करता येणं, ही कारणं पुरेशी आहेत.

जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पन्नाशीपासून दर पाच वर्षांनी आणि पासष्टीनंतर दर एक ते तीन वर्षांनी कान तपासावेत, असा तिचा सल्ला आहे. साखर आणि रक्तदाब तपासायला जाणाऱ्या घराने त्याच फेरीत ही तपासणीही करून घ्यावी. आणि सरकारी रुग्णालयांत ऑडिओलॉजिस्टची पदं भरताना त्यांना पुढच्या भेटींसाठी वेळही द्यावा. शिबिरात किती यंत्रं वाटली, हा आकडा आपल्याला आवर्जून सांगितला जातो. सहा महिन्यांनी त्यांतली किती कानांत आहेत, हा आकडा आपण विचारायला हवा.