पॉपकॉर्न चालतील, पण त्यावरचा मसाला? सिलिअ‍ॅक असलेल्यांनी थिएटरमध्ये खाताना काय बघावं

नाशिककरांचा रविवार कसा जातो हे वेगळं सांगायला नको. सकाळी मिसळ, दुपारी झोप आणि संध्याकाळी सिनेमा! तसंही नाशिकचं आणि सिनेमाचं नातं जुनंच आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला झाला आणि पुढे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा त्यांचा कारभारही नाशिकमधूनच चालला.

आता मात्र सिनेमा नुसता बघायचा राहिलेला नाही, तो खायचाही झाला आहे. मोठ्या शहरांत पीव्हीआरचं ‘डायरेक्टर्स कट’ किंवा आयनॉक्सचं ‘इनसिग्निया’ अशा आलिशान स्क्रीनमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या अख्खं जेवण मागवता येतं. साध्या मल्टिप्लेक्समध्येही समोसा, बर्गर, पिझ्झा, नाचोज, मोमो असं सगळं मिळतं. बहुतेकांसाठी ही चैन आहे. पण घरात कुणाला सिलिअ‍ॅक हा आजार असेल, तर त्या अंधारात हातात आलेली प्लेट त्याच्यासाठी धोक्याची ठरू शकते.

हा धोका नेमका कुठून येतो, तो कसा टाळायचा आणि घरचा डबा थिएटरमध्ये नेता येतो का, हे समजून घेऊया.

सिलिअ‍ॅक म्हणजे नक्की काय?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, तो याच ग्लुटेनमुळे. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाने ग्लुटेन खाल्लं की त्याची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारे बारीक केसांसारखे उंचवटे असतात. ते हळूहळू झिजून सपाट होतात. मग कितीही चांगलं खाल्लं तरी लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. जुलाब, पोटफुगी, वजन घटणं, औषध घेऊनही न हटणारा अ‍ॅनिमिया, मुलांची उंची न वाढणं ही त्याची लक्षणं. काही जणांना तर काहीच त्रास जाणवत नाही, पण आतड्याचं नुकसान चालूच राहतं.

म्हणजे ही साधी अ‍ॅलर्जी नाही आणि ‘गहू पचत नाही’ अशी तक्रारही नाही. यावर आजघडीला उपचार एकच: आयुष्यभर ग्लुटेन बंद.

हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. गव्हाबद्दल त्यांना १९३० च्या दशकापासूनच संशय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण टंचाई पडली आणि पाव मिळेनासा झाला. माणसं उपाशी होती, पण सिलिअ‍ॅक असलेली मुलं मात्र सुधारू लागली. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध मांडला.

भारतात हा आजार गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेत अधिक दिसतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतात त्याचं प्रमाण १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं होतं.

‘थोडंसं खाल्लं तर काय होतं?’

हा प्रश्न प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसाला विचारला जातो. उत्तर आकड्यातच पाहू.

रोज सुमारे ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं, तर सिलिअ‍ॅक रुग्णाच्या आतड्याला इजा होते, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. आता एक पोळी घ्या. साधारण ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं. त्या पोळीचे ५० तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा म्हणजे ५० मिलिग्रॅम! एवढा ऐवज ताटात सांडलेल्या चुऱ्यातही असतो.

म्हणूनच पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं असेल, तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा एफएसएसएआयचा नियम आहे. या मर्यादेतल्या पदार्थांतून ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जायला ते दिवसाला अडीच किलो खावे लागतील. त्यामुळे असं सीलबंद पाकीट हा बाहेर खाण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग.

थिएटरच्या मेन्यूत गहू कुठे लपलेला असतो?

समोसा, पफ, बर्गर, सँडविच, पिझ्झा, मोमो यांत मैदा आहे हे कुणीही सांगेल. खरी गडबड होते ती ‘यात गहू कुठे असतो?’ असं वाटणाऱ्या पदार्थांत.

पॉपकॉर्न: मका, तेल आणि मीठ एवढंच असेल तर ग्लुटेनचा प्रश्न नाही. पण चीज, पेरीपेरी, कॅरॅमल अशा चवींसाठी वरून घातलेल्या मसाल्यात काय आहे, ते त्याच्या मूळ पाकिटावर बघावं लागतं. शिवाय सगळ्या चवी एकाच भांड्यात घोळवल्या जात असतील, तर साधे पॉपकॉर्नही साधे राहत नाहीत.

कॉर्न कप: उकडलेला मका आणि लोणी ठीक. अडचण चाट मसाल्याची, कारण त्यात हिंग असतो. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारात मिळणाऱ्या डबीतल्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं. हे पीठ पुष्कळदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. स्वयंपाकघरातली हिंगाची डबी उलटून वाचा, कदाचित तिथेच सापडेल. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, पण थिएटरच्या मसाल्यात कुठला आहे, हे चवीवरून कळत नाही.

फ्रेंच फ्राइज: बटाटा निर्दोष आहे, कढई नाही. ज्या तेलात समोसे आणि ब्रेडचे रोल तळले, त्यातच फ्राइज तळले की मैद्याचे कण त्यांना चिकटतात. ‘तेल इतकं गरम असतं, त्यात काय राहणार?’ असा युक्तिवाद होतो. पण उष्णतेने जंतू मरतात, ग्लुटेन नाहीसं होत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, गव्हाचे पदार्थ तळलेल्या तेलातच काढलेल्या फ्राइजचे २० नमुने तपासले गेले. त्यातल्या ९ नमुन्यांत ग्लुटेन सापडलं.

नाचोज: मूळ चिप्स मक्याच्या असल्या तरी काहींत गव्हाचं पीठ किंवा मसाला असतो. चीज सॉस दाट करायलाही मैदा वापरतात.

चायनीज: सोया सॉस बनवताना गहू वापरला जातो. त्यामुळे नूडल्स टाळून फक्त फ्राइड राइस घेतला तरी सुटका नाही.

आइस्क्रीम आणि शेक: कोन, ब्राउनी, कुकी, माल्ट यांपासून लांब राहायचं. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा मोड आणलेला जव. कपातलं साधं आइस्क्रीम घ्यायचं तर सीलबंद कप बरा, कारण स्कूप सगळ्या डब्यांतून फिरलेला असतो.

सीलबंद पाणी, साधा सोडा, पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहिलेला खाऊ हे सगळ्यात सोपे पर्याय.

घरच्या पदार्थांबद्दलचे काही गैरसमज

मराठी घरात ग्लुटेन नसलेल्या पदार्थांची कमी नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, भगर, राजगिरा, शिंगाडा ही सगळी धान्यं आणि पिठं चालतात. उपवासाची साबुदाण्याची खिचडी किंवा भगर-आमटी तर जवळजवळ आपोआपच सुरक्षित.

पण काही ठिकाणी हमखास फसायला होतं. रवा, शेवया, दलिया हा गहूच आहे. खपली गहू पचायला हलका म्हणून अनेक जण सुचवतात, पण त्यातही ग्लुटेन असतं, सिलिअ‍ॅक असलेल्यांना तो चालत नाही. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. चिवड्याच्या फोडणीत हिंग असतो. मिसळीचा पाव बाजूला ठेवला तरी रस्सा आणि फरसाणातला हिंग उरतोच. आणि ज्वारी ज्या गिरणीत दळली, तिथे आधीचं दळण गव्हाचं असेल, तर ते पीठ ज्वारीत उतरतं. म्हणून पुष्कळ कुटुंबं घरघंटी घेतात.

मग घरचा डबा थिएटरमध्ये नेता येतो का?

याबद्दल सोशल मीडियावर बरंच अर्धवट फिरत असतं, म्हणून क्रम नीट समजून घ्या.

जुलै २०१८ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी, मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पदार्थ नेण्यावर बंदी नाही असं सांगितलं. ती बातमी आजही फॉरवर्ड होते. त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयात याच विषयावर जनहित याचिका सुरू होती. ज्यांना प्रकृतीमुळे थिएटरमधले पदार्थ चालत नाहीत, त्यांची अडचणही त्यात मांडली होती. मात्र ऑगस्टमध्ये राज्य सरकारने न्यायालयात, यात हस्तक्षेप करण्याची गरज वाटत नाही, अशी भूमिका घेतली.

पुढे ३ जानेवारी २०२३ रोजी जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकाली काढला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह यांच्या खंडपीठाने सांगितलं की थिएटर ही खासगी मालमत्ता आहे, त्यामुळे बाहेरचे पदार्थ आणू द्यायचे की नाही हे मालक ठरवू शकतो. आत काही विकत घेण्याची सक्ती मात्र नाही. पिण्याचं शुद्ध पाणी मोफत द्यावं लागेल, आणि तान्ह्या बाळासाठी आईवडिलांना पुरेसं अन्न नेता येईल, हेही न्यायालयाने नोंदवलं.

म्हणजे पाण्याचा हक्क आहे, बाळाच्या अन्नाची सोय आहे, पण सिलिअ‍ॅक रुग्णाच्या डब्याचा उल्लेख त्यात नाही. ‘कायद्याने आम्हाला आणता येतं’ म्हणून दारावर वाद घातला, तर तो टिकणार नाही. विनंती मात्र करता येते. तिकीट काढण्याआधी त्या थिएटरला फोन किंवा ईमेल करून व्यवस्थापकाकडून लेखी होकार घ्यावा, आणि निदान लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र मोबाइलमध्ये ठेवावं. दारावरच्या सुरक्षारक्षकाला परवानगी देण्याचा अधिकार नसतो, त्यामुळे हे काम आधीच केलेलं बरं.

काउंटरवर काय विचारायचं?

‘हे ग्लुटेन फ्री आहे का?’ असं विचारलं की गर्दीच्या वेळी उत्तर बहुधा ‘हो’ असंच मिळतं. त्याऐवजी कृती विचारा. हे कुठल्या तेलात तळता? त्याच तेलात समोसे तळले जातात का? ग्रिलवर पाव भाजता का? मसाल्याचं पाकीट दाखवता का? हातमोजे बदलून द्याल का? उत्तर देताना समोरचा गोंधळला, तर तो पदार्थ सोडून द्यायचा.

कायद्याचीही थोडी मदत आहे. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार, ज्यांचा केंद्रीय परवाना आहे किंवा दहा अथवा जास्त ठिकाणी शाखा आहेत, अशा खाद्यविक्रेत्यांनी अ‍ॅलर्जी करणाऱ्या घटकांची माहिती ग्राहकाला द्यायची असते. ग्लुटेन असलेली धान्यं त्या यादीत आहेत. मोठ्या साखळीच्या थिएटरमध्ये ही माहिती हक्काने मागा. पण ती माहिती पदार्थाच्या घटकांची असते, सामायिक कढईची नव्हे, हे लक्षात असू द्या.

ऑर्डर शक्यतो सिनेमा सुरू होण्यापूर्वी, काउंटरवर उभं राहून द्या. मोबाइलवरून मागवलं तर स्वयंपाकघरातल्या माणसाशी बोलणं होत नाही, आणि अंधारात आलेली प्लेट आपलीच आहे का, वर काय भुरभुरलंय, हे दिसत नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांचा पॉपकॉर्नचा डबा वेगळा घ्या. एकाच डब्यात समोसा खाल्लेले चार हात गेले, की आधीची सगळी काळजी वाया जाते.

चुकून खाल्लं गेलं तर?

ग्लुटेनवर उतारा म्हणून घ्यायची गोळी नाही. बाजारात मिळणाऱ्या ‘ग्लुटेन पचवणाऱ्या’ एन्झाइमच्या गोळ्यांवर विसंबून मुद्दाम पाव खाणं धोक्याचं आहे. पाणी प्या, विश्रांती घ्या, उलट्या-जुलाब थांबत नसतील तर डॉक्टरांकडे जा. त्रास झाला नाही म्हणून ‘आता आपल्याला चालतं’ असा अर्थ मात्र काढू नका.

आणि वरची लक्षणं वाचून शंका आली असेल, तर लगेच पोळी बंद करू नका. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि गरज पडल्यास आतड्याची बायोप्सी ही गहू खाणं चालू असतानाच करायची असते. आधीच गहू सोडला, तर तपासणीत आजार लपून जातो.

सगळ्यात सोपा उपाय जुनाच आहे. घरून भाकरी-भाजी जेवून निघा, थिएटरमध्ये सीलबंद खाऊ किंवा खात्री केलेले साधे पॉपकॉर्न घ्या. आणि सोबत सिलिअ‍ॅक असलेलं कुणी असेल, तर ‘एक घास खा ना, काही होत नाही’ हे वाक्य तेवढं टाळा.