दर्शनाचे मोल

म्हापशाचे आमचे एक स्नेही गेल्या आठवड्यात कचेरीत आले ते एक निराळाच प्रश्न घेऊन. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या कन्येला मुंबईत होणाऱ्या एका परदेशी गायकाच्या कार्यक्रमाला जायचे आहे. तेथवर त्यांची तक्रार नव्हती. परंतु साध्या तिकिटाने तिचे समाधान होईना. आणखी मोठी रक्कम भरल्यास कार्यक्रमापूर्वी गायकाची प्रत्यक्ष भेट घडवू, असे आयोजकांनी जाहीर केले आहे आणि ती रक्कम या गृहस्थांच्या निम्म्या पगाराहून अधिक भरते. ‘‘मुलीचे मन मोडवत नाही आणि पैसे भरवत नाहीत. त्या भेटीत तेवढे मोल आहे का, हे तुम्हीच सांगा,’’ असे ते म्हणाले. प्रश्न एका घरातला असला तरी तो आता एका घरापुरता राहिलेला नाही. म्हणून त्याचा जाहीर विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

‘मीट अँड ग्रीट’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार अमेरिकेत फोफावला आणि जगभर पसरला. त्याचे मूळ भावनेपेक्षा जमाखर्चात अधिक आहे. ध्वनिमुद्रित संगीतापासून अमेरिकेत होणारे उत्पन्न १९९९ साली चौदा अब्ज डॉलरांच्या पुढे गेले होते. पुढे संगणकावरून गाणी फुकट उतरवून घेण्याची सोय झाली आणि पंधरा वर्षांत ते निम्म्याच्या आसपास आले. तबकड्यांनी हात दिला नाही तेव्हा कलावंतांना दौऱ्यांवर विसंबावे लागले; आणि प्रेक्षागारातील जागा मोजक्याच असल्याने एकेका जागेबरोबर आणखी काय विकता येईल, याचा शोध सुरू झाला. लवकर प्रवेश, पुढची जागा, गळ्यात अडकवायचे पत्रक, स्वाक्षरी केलेले भित्तिचित्र आणि सर्वांत वरच्या दराला स्वतः कलावंत, अशी ही चढती श्रेणी आहे.

या वरच्या दरात पदरी काय पडते? बहुधा फोन व पिशव्या बाजूला ठेवून एका रांगेत उभे राहायचे. रांगेच्या टोकाला जाहिरातीच्या पडद्यापुढे कलावंत उभा असतो. एकेकाने किंवा दोघा-चौघांनी मिळून त्याच्या शेजारी जायचे, हसायचे, दौऱ्याच्या छायाचित्रकाराने चाप ओढायचा आणि रखवालदाराने पुढच्याला हाक मारायची. सारा व्यवहार बहुतेकदा अर्ध्या मिनिटात आटोपतो. वर्षानुवर्षे मनात घोळवलेले वाक्य ओठांवरच राहून जाते.

पैसे देणाऱ्याची ही कथा. घेणाऱ्याची कथा याहून सुखाची असेल, अशी कोणाची समजूत असल्यास जस्टिन बीबर या गायकाचे उदाहरण पाहावे. मार्च २०१६ मध्ये त्याचा जागतिक दौरा सुरू झाला तेव्हा तो अवघ्या बावीस वर्षांचा होता. भेटीसह मिळणाऱ्या तिकिटाचा दर दोन हजार डॉलरांपर्यंत गेला होता. दौऱ्याला महिनाही झाला नसताना त्याने या भेटी बंद केल्याचे जाहीर केले. आपल्या चाहत्यांवर आपले प्रेम आहे, पण इतक्या माणसांना भेटून शेवटी आपण रिते आणि उदास होतो, अशा आशयाचे निवेदन त्याने केले. याच दौऱ्यात मे २०१७ मध्ये तो नवी मुंबईला येऊन गेला आणि जुलैत उरलेले सर्व कार्यक्रम रद्द झाले. तो थकवा केवळ भेटींचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दोन हजार डॉलरांना जे विकले जात होते ते विकणाऱ्याजवळ शिल्लकच उरले नव्हते, एवढे त्याच्या स्वतःच्या शब्दांवरून दिसते.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या तीर्थक्षेत्री तरी वेगळे काय घडते? भाविक तासन् तास रांगेत उभा राहतो आणि गाभाऱ्यासमोर क्षणभरच थांबू शकतो. तिरुमलेस तीनशे रुपयांचे विशेष प्रवेश दर्शनही आहे. तेथे कोणी घड्याळ लावून हिशेब मागत नाही. मग गायकाच्याच भेटीचा हिशेब का मागावा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याच्या गाण्याने एकाकी रात्री सोबत केली, त्याला एकदा डोळे भरून पाहावे, ही इच्छा निर्मळ आहे आणि तिला खुळचटपणा म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. तथापि, दोहोंत एक मूलभूत फरक आहे. देव थकत नाही; गाणारा माणूस थकतो. देवाने आपल्याला ओळखल्याची खूण पटवावी, असा करार तिकिटावर लिहिलेला नसतो. येथे मात्र ओळखीचे, जिव्हाळ्याचे हसूच विक्रीला ठेवलेले असते आणि एका सायंकाळी ते शेकडो वेळा हसावे लागते.

जिव्हाळा विकल्यावाचून चाहत्यांना भेटता येत नाही, असेही नव्हे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे १९७२ पासून लोकप्रिय ग्रामीण संगीताचा मेळा भरतो. मेळ्याला तिकीट असे, पण गायकाच्या स्वाक्षरीला वेगळे मोल पडत नसे. १९९६ साली गार्थ ब्रुक्स हा त्या काळचा अफाट लोकप्रिय गायक तेथे न कळवता आला आणि सलग तेवीस तास उभा राहून लोकांना भेटत, स्वाक्षऱ्या देत राहिला. टेलर स्विफ्ट या गायिकेच्या काही दौऱ्यांत तिची आई व सहकारी श्रोत्यांतूनच काहींना निवडून भेटीस नेत आणि त्यासाठी पैसे घेतले जात नसत.

अर्थात, दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. फुकट भेट सर्वांना मिळत नाही. ती कोणाला मिळते, हे आपल्याकडे निराळे सांगण्याची गरज नाही. नाट्यगृहाच्या मागील दारी ज्याची ओळख असते, ज्याचा मेहुणा आयोजकांच्या समितीवर असतो, त्याचे चिरंजीव रंगपटात पोहोचतात आणि खरा रसिक बाहेर डास मारत उभा राहतो. पैशाने निदान हा वशिला मोडला, असे कोणी म्हटल्यास ते सर्वस्वी खोटे नाही. शिवाय जो कलावंत अद्याप नामांकित नाही, ज्याचा दौरा गाडीच्या इंधनापुरतीही कमाई करीत नाही, त्याच्याशी दहावीस जणांनी माफक वर्गणी देऊन घटकाभर गप्पा मारल्या, तर त्यात दोघांचेही हित आहे. तेथे खरोखर संवाद होतो आणि पैसा उपयोगी पडतो. आमचा आक्षेप पैसे घेण्याला नाही. नाव जसजसे मोठे होते तसतसा दर चढतो आणि वेळ मात्र आटत जातो, या उफराट्या व्यवहाराला आहे.

गोमंतकीयांना तर हा व्यवहार अधिकच परका वाटावा. वास्कोच्या श्रीदामोदर भजनी सप्ताहात श्रावणाच्या पावसात नामवंत गायकांच्या बैठका होतात आणि बंदरावरचा कामगार व पेढीवरचा सावकार शेजारी शेजारी बसून त्या ऐकतात. गावोगावच्या देवळांच्या सभामंडपांत कितीतरी पिढ्यांनी गाणे असेच ऐकले. तेथे श्रोत्याने एका अवघड समेला दाद द्यावी, गायकाने नजर वर करून ती स्वीकारावी, एवढीच भेट. पण ती भेट खरी असे. कारण ती मोजून दिलेली नव्हती आणि दोघांच्या मध्ये गाणे होते.

तरीही ज्यांना पैसे भरायचेच आहेत, त्यांनी काही गोष्टी आधी वाचून पाहाव्यात. ‘व्ही.आय.पी.’ या अक्षरांना भुलू नये. अशा पुष्कळ तिकिटांत भेट मुळीच नसते, केवळ लवकर प्रवेश व एखादी पिशवी असते. भेट एकट्याची की घोळक्याची, गटात असल्यास सर्व कलावंत हजर राहणार की एखादाच, स्वाक्षरी मिळणार की केवळ छायाचित्र, हे स्पष्ट लिहिलेले आहे का? भेट रद्द झाली आणि कार्यक्रम मात्र झाला, तर किती रक्कम परत मिळेल? याची उत्तरे छापील अटींत नसतील, तर खिशातील हात खिशातच ठेवावा, हे उत्तम. आणि कर्ज काढून तर हे सुख कोणीही घेऊ नये.

केरीच्या केसरबाई केरकरांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. आपल्या गाण्याचा मान राखण्याच्या बाबतीत त्या किती करड्या होत्या, हे जुन्या रसिकांना ठाऊक आहे. ‘व्हॉएजर’ ही याने १९७७ साली अवकाशात सोडण्यात आली तेव्हा त्यांच्यावरील सुवर्णमुद्रिकेत केसरबाईंच्या भैरवीचा समावेश होता. ‘व्हॉएजर १’ हे यान ५ सप्टेंबरला उडाले आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला बाई निवर्तल्या. त्यांचा तो स्वर आजही सूर्यमालेच्या पलीकडे चालला आहे. आपल्यापैकी बहुतेकांना त्यांना पाहण्याचे भाग्य लाभले नाही. तरी भैरवी ऐकताना त्यांची आपली भेट झाली नाही, असे कोण म्हणेल?

आमच्या स्नेह्यांना आम्ही एवढेच सांगितले की, मुलीला कार्यक्रमाला अवश्य पाठवा. बरोबर तिची एखादी मैत्रीणही पाठवा. भेटीच्या रकमेत दोघींचे तिकीट, रेल्वेचे भाडे आणि दोन दिवसांचा मुक्काम बसतो. अर्ध्या मिनिटाच्या छायाचित्रात ती परक्या माणसाशेजारी उभी दिसली असती. त्याऐवजी त्या दोन तासांची आठवण तिला आयुष्यभर कोणाशी तरी वाटून घेता येईल. ते ‘‘विचारतो तिला’’ म्हणून गेले आहेत. निर्णय अखेर तिचाच असावा, असेही आम्ही त्यांना बजावले आहे.