‘सी’च्या पानांवरचे मद्रास : तमिळ, मराठी आणि आंग्ल-भारतीय शब्दार्थ

इंग्रजी वर्णमालेतील ‘सी’ या अक्षराला स्वतःचा असा ध्वनी नाही. ‘ए’, ‘ओ’ किंवा ‘यू’ यांच्या आधी ते ‘क’चे काम करते, ‘ई’ व ‘आय’ यांच्या आधी ‘स’चे, आणि ‘एच’ची जोड मिळाली की बहुधा ‘च’चे. त्यामुळे इंग्रजी कोशाच्या ‘सी’ विभागात जे शब्द शेजारी नांदतात, ते भारतीय कोशांत एकमेकांपासून बरेच दूर असतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) ‘कांजी’ आणि ‘चावडी’ यांच्यामध्ये ख, ग, घ हे सारे विभाग येतात; आंग्ल-भारतीय कोशात ‘काँजी’ आणि ‘चौल्ट्री’ एकाच अक्षराखाली येतात. मद्रास शहराच्या, म्हणजे १९९६पासूनच्या चेन्नईच्या, इंग्रजीत रुळलेल्या शब्दांपैकी लक्षणीय शब्द या एकाच अक्षराखाली जमा झाले आहेत, आणि त्यातील कित्येकांची भावंडे मराठीत आहेत. अक्षर समान, प्रदेश समान, परंतु अर्थांचे प्रवास मात्र भिन्न, अशी ही स्थिती आहे. वसाहतकालीन इंग्रजी कागदपत्रांचा किंवा प्रवासवर्णनांचा मराठीत अनुवाद करणाऱ्यास ती पदोपदी अडवते.

या शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह म्हणजे ‘हॉब्सन-जॉब्सन’. हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल यांचा हा कोश १८८६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. विल्यम क्रुकने संपादित केलेली वाढीव आवृत्ती १९०३ची. कोश छापून होण्यापूर्वीच, १८८२ साली, बर्नेलचा मृत्यू झाला होता. तो मद्रास सनदी सेवेतील न्यायाधीश होता आणि त्याच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा काळ तंजावर येथे गेला. तेथील राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची त्याने केलेली वर्गीकृत सूची १८८०मध्ये प्रसिद्ध झाली. हे ग्रंथभांडार प्रामुख्याने मराठा राजांनी, विशेषतः दुसऱ्या सरफोजीने, वाढविलेले होते. तमिळ प्रदेशात राहणारा, मराठा दरबाराच्या पोथ्या चाळणारा आणि पोर्तुगीज साधने वाचणारा असा कोशकार या कामास लाभला, ही गोष्ट ‘सी’च्या पानांवर जाणवते. दक्षिणेतील शब्दांकडे तेथे केवळ हिंदुस्थानीच्या चष्म्यातून पाहिलेले नाही. मद्रासमध्ये याआधीही अशी कामे झाली होती. सी. पी. ब्राउनचा ‘झिल्ला डिक्शनरी’ हा रोमन लिपीतील कोश १८५२ साली मद्रासलाच छापला गेला. तो कामकाजाच्या शब्दांपुरता आहे. शब्दाचा इतिहास त्यात शोधू नये.

प्रथम ‘चौल्ट्री’ हा शब्द पाहू. ‘हॉब्सन-जॉब्सन’ने त्याची व्युत्पत्ती संदिग्ध मानली आहे, मात्र तेलुगू व मल्याळम ‘चावडि’शी त्याचे नाते लावले आहे. चार वाटा मिळतात ते स्थान, असा संस्कृत उगमही सुचविला आहे. मुळात नसलेले ‘ल’ आणि ‘ट्र’ युरोपीय तोंडात कोठून आले, याचा समाधानकारक खुलासा मिळत नाही. व्युत्पत्तीपेक्षा अर्थाचा प्रश्न येथे अधिक महत्त्वाचा आहे. मराठीत चावडी म्हणजे गावकीचे ठिकाण : पाटील-कुलकर्णी बसतात, सारावसुली होते, तंटे ऐकले जातात. ‘चावडीवाचन’ हा शब्द महसुली व्यवहारात आजही जिवंत आहे. दक्षिणेतील इंग्रजी लेखनात मात्र ‘चौल्ट्री’ म्हणजे मुख्यतः वाटसरूंचे उतरण्याचे ठिकाण, धर्मशाळा. मदुरेतील तिरुमल नायकाचा भव्य स्तंभमंडपही इंग्रजी पुस्तकांत ‘चौल्ट्री’च झाला. तेव्हा ‘चौल्ट्री’ दिसली की ‘धर्मशाळा’ लिहावे, असा अनुवादकाचा सहज कल होतो.

सतराव्या शतकातील मद्रासच्या कागदांत हा कल घातक ठरतो. १६३९ साली मिळालेल्या सनदेनंतर वसलेल्या या शहरात गोऱ्यांच्या किल्ल्याबाहेरच्या वस्तीसाठी जे न्यायालय होते, ते ‘चौल्ट्री’तच भरे, आणि तेथील न्यायाधीशांना ‘जस्टिसेस ऑफ द चौल्ट्री’ असे म्हटले जाई. येथे ‘धर्मशाळा’ लिहिले तर न्यायाधीश प्रवाशांच्या पथाऱ्यांमध्ये बसलेला दिसेल. मराठी ‘चावडी’ येथे नेमकी बसते. किंबहुना मद्रासच्या आरंभकाळातील हा अर्थ नंतरच्या इंग्रजी अर्थापेक्षा मराठी अर्थाला अधिक जवळचा आहे. म्हणजे इंग्रजी शब्द एकच असला तरी त्याचा मराठी पर्याय शतकागणिक बदलावा लागतो.

आजच्या चेन्नईत या शब्दाच्या दोन शाखा वेगळ्या झाल्या आहेत. दक्षिणेतील बोलीव इंग्रजीत ‘चौल्ट्री’ म्हणजे बहुधा लग्नाचे कार्यालय. तमिळमधील ‘सावडि’ मात्र सरकारी कामाकडे वळली : ‘वाक्कुच्चावडि’ म्हणजे मतदान केंद्र, ‘सुंगच्चावडि’ म्हणजे महामार्गावरील पथकर नाका. समासाच्या आत ‘च’ टिकून आहे आणि शब्दारंभी तोच ‘स’सारखा उच्चारला जातो, हेही ध्यानात घ्यावे. तमिळ लिपीत दोहोंना एकच अक्षर आहे. इंग्रजीच्या ‘सी’ची गुंतागुंत ही काही इंग्रजीचीच मिरासदारी नव्हे, मराठीचा ‘च’देखील ‘चिंच’मध्ये एक आणि ‘चांगला’मध्ये दुसरा आहे.

उत्तर चेन्नईत एक चौल्ट्री अशी आहे की जिच्यामुळे ‘सी’ विभागातील दोन शब्द एका जागी येतात. १७८२च्या सुमारास दुष्काळात गावाच्या मणियक्कारराने, म्हणजे मुखियाने, भुकेल्यांना पेज वाटण्याचे केंद्र उघडले. मणियक्काररचे इंग्रजीत ‘मोनेगार’ झाले आणि ही संस्था ‘मोनेगार चौल्ट्री’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या आश्रयाने वाढलेल्या दवाखान्याचा पुढे स्टॅन्ले रुग्णालयाशी संबंध जुळला, आणि त्या रुग्णालयाला लोक ‘कंजित्तोट्टि’, म्हणजे कांजीचे टाके, या नावाने ओळखत आले. इंग्रजी नावाने वास्तू आणि तिचा चालक लक्षात ठेवला, तमिळ नावाने वाढलेले अन्न. एकाच जागेच्या दोन नावांत दोन वेगवेगळ्या स्मृती राहिल्या आहेत.

‘काँजी’ या शब्दाचा प्रवास मोठा आहे. गार्सिया द ओर्ताच्या १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात तांदळाच्या या पाण्याचा उल्लेख येतो. पोर्तुगीजमध्ये त्याचे ‘कांजा’ झाले आणि आज ते कोंबडी-तांदळाच्या सुपाचे नाव आहे. पूर्वेकडे हाँगकाँगच्या इंग्रजीत चिनी पेजेला ‘काँजी’ म्हणतात. चीनशी जन्मतः संबंध नसलेला शब्द आता तेथील खाद्यसंस्कृतीची खूण होऊन बसला आहे. ब्रिटिश लष्करी बोलीत ‘काँजी-हाउस’ म्हणजे पलटणीतील कोठडी, कारण तेथील कैद्याचा आहार कांजीचा. मराठीत अन्न म्हणून ‘पेज’ हा शब्द पुढे राहिला आणि ‘कांजी’ कपड्यांना करण्याच्या खळीकडे अधिक झुकली. दुष्काळपीडितांचे अन्न, शिपायाची शिक्षा, हाँगकाँगची न्याहारी आणि सुती साडीचा ताठरपणा, असे हे चार अर्थ एका शब्दाला चिकटले आहेत. त्यांतला एकही दुसऱ्यावरून ओळखता येणार नाही.

‘कॅश’च्या बाबतीत गोंधळ अधिक सूक्ष्म आहे, कारण येथे शब्द एक नसून दोन आहेत. रोकड या अर्थाचा ‘कॅश’ फ्रेंच-इटालियन मार्गाने, पैशाची पेटी या अर्थाच्या शब्दावरून आला. दुसरा ‘कॅश’ हे क्षुद्र मोलाच्या नाण्याचे नाव. त्याचा उगम तमिळ ‘कासु’त आहे, आणि मधला दुवा पोर्तुगीज ‘कैशा’चा. एखाद्या कोंकणी रूपावरूनही हा शब्द पोर्तुगीजांकडे गेला असावा, ही शक्यता ‘हॉब्सन-जॉब्सन’ने नोंदविली आहे, मराठी अभ्यासकांनी तिचा पाठपुरावा करण्याजोगा आहे. भोकाच्या चिनी नाण्यांनाही युरोपीय लोक याच नावाने ओळखत. मद्रासचे जुने हिशेब पगोडा, फणम आणि कॅश यांत चालत : ८० कॅशचा एक फणम, ४२ फणमांचा एक पगोडा. १८१८मध्ये रुपया प्रमाण ठरला आणि ही रचना मागे पडली. अशा हिशेबात ‘कॅश’ला ‘रोख’ म्हटल्यास एका पगोड्यातील ३३६० नाणी एका अमूर्त संकल्पनेत विरघळून जातात. तमिळमध्ये ‘कासु’ आज सर्वसाधारण पैसा या अर्थाने वापरतात, म्हणजे मूळ शब्दाने इंग्रजी समरूपाचाच अर्थ स्वतंत्रपणे गाठला. असा योगायोग व्युत्पत्तीच्या अभ्यासात फसवा ठरतो.

‘कॅटामरान’विषयी वाद नाही : ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, ‘मरम’ म्हणजे लाकूड. मद्रासला कृत्रिम बंदर होण्यापूर्वी जहाजे दूर नांगरत आणि फुटणाऱ्या लाटांतून किनारा गाठण्यासाठी मसुला होड्या व हे ओंडक्यांचे तराफे यांचाच आधार असे. परंतु आज इंग्रजीत ‘कॅटामरान’ म्हणजे दोन समांतर सांगाड्यांची नौका. १८७६मध्ये अमेरिकेत नॅथॅनिएल हेरशॉफने बांधलेल्या ‘अमॅरिलिस’पासून तो अर्थ दृढ होत गेला. मधल्या काळात नौदलाच्या बोलीत स्फोटक तराफा आणि घरगुती इंग्रजीत भांडखोर स्त्री असेही अर्थ होऊन गेले. मरीनाच्या किनाऱ्यावर मात्र २००४च्या त्सुनामीनंतर फायबरच्या होड्या झपाट्याने वाढल्या आणि बांधलेल्या लाकडांचे तराफे विरळ झाले. शब्दाने वस्तू केव्हाच सोडली होती. आता किनाराही वस्तूला सोडतो आहे.

या विभागातील सर्वांत जड शब्द ‘कुली’. ‘हॉब्सन-जॉब्सन’ने त्याचा संबंध पश्चिम भारतातील कोळी समाजाच्या नावाशी जोडला आणि तमिळ ‘कूलि’चा विचार दुय्यम स्थानी केला. तमिळमध्ये ‘कूलि’ म्हणजे मजुरी, कामाचा मोबदला. मोबदल्यावर काम करणाऱ्यासाठी ‘कूलियाळ’ असा वेगळा शब्द आहे. दोन्ही धारा इंग्रजीत मिसळल्या असाव्यात, असे मानणे आज अधिक ग्राह्य वाटते. परंतु कोणती व्युत्पत्ती पत्करली यावर शब्दाचे चरित्र बदलते. पहिलीत एका समाजाचे नाव श्रमाचे नाव झाले. दुसरीत मजुरीचे नाव मजुराला चिकटले आणि मजुरी अदृश्य झाली. इंग्रजी हिशेबांतील ‘कूली-हायर’ हा प्रयोग तमिळ दृष्टीने द्विरुक्त आहे, कारण त्याचा शब्दशः अर्थ ‘मजुरीची मजुरी’ असा होतो. मूळ अर्थ इंग्रजी कानांना ऐकू येईनासा झाल्याची ही साक्ष होय.

मद्रासहून निघालेले ‘ट्रूरो’ हे जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी डर्बनला पोहोचले. नाताळमधील करारबद्ध भारतीय मजुरांच्या इतिहासाचा हा आरंभ. तेथे ‘कुली’ हा शब्द व्यवसायावाचक न राहता वंशवाचक झाला. वकील असलेल्या गांधींनाही ‘कुली बॅरिस्टर’ म्हटले गेले. दक्षिण आफ्रिकेत आज तो उघड अपशब्द आहे. मराठीत मात्र ‘कुली’ रेल्वेस्थानकावर बराच काळ निरुपद्रवी वाटत राहिला, जरी ‘हमाल’ हा अरबी-फारसी वळणाचा शब्द हाताशी होता. दक्षिण आफ्रिकी भारतीय लेखकांच्या साहित्याचा मराठी अनुवाद करताना ‘कुली’ तसाच ठेवल्यास अपमानाची धार बोथट होते, आणि ‘हमाल’ लिहिल्यास ती पूर्णच नाहीशी होते. तमिळ अनुवादकाची अडचण याहून विपरीत आहे : त्याच्या भाषेत हा शब्द आजही घामाच्या दामाचा आहे. या पेचावर एकच सर्वमान्य तोडगा संभवत नाही. शब्द तसाच ठेवून संदर्भातून त्याची धार दाखविणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

इतर शब्दांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. ‘चेरूट’ तमिळ ‘सुरुट्टु’पासून, म्हणजे गुंडाळलेले या अर्थाने, मराठी ‘चिरूट’ची वाट इंग्रजीवरून आलेली दिसते, आणि त्रिचनापल्लीच्या चिरुटांची राख शेरलॉक होम्सलाही ओळखता येत होती. ‘कॉयर’ मूळच्या ‘कयिरु’त दोर होता, इंग्रजीत काथ्या झाला. ‘कोरंडम’ म्हणजे तमिळ ‘कुरुंदम’, मराठी धार लावणाऱ्याचा ‘कुरुंद’. संस्कृत ‘कुरुविंद’ हे माणकाचेही नाव आहे आणि खनिजशास्त्राने रत्न व सहाणेचा दगड एकाच जातीचे ठरवून त्या नावाला दुजोराच दिला. ‘करी’वर इतके लिहिले गेले आहे की येथे भर घालण्याचे कारण नाही, मराठी ‘कढी’ तिची जननी नव्हे, एवढे नोंदविले की पुरे. ‘चिट’च्या मागे हिंदुस्थानी व मराठी चिठ्ठी आहे. चेन्नईत ‘चिट फंड’ म्हणतात तो व्यवहार तमिळमध्ये ‘सीट्टु’ आणि महाराष्ट्रात ‘भिशी’.

शेवटी ‘कचेरी’. ‘हॉब्सन-जॉब्सन’ने या शब्दाचे मद्रासी रूप निराळे नोंदविले आहे, आणि मैलापूरमध्ये ‘कचेरी रोड’ आजही आहे. मराठी माणसाला तेथे सरकारी दप्तराची आठवण होईल. परंतु मार्गळी महिन्यात चेन्नईकर ‘कच्चेरी’ला निघतो तो कर्नाटक संगीताच्या मैफलीला. दरबार भरविणे आणि मैफल भरविणे ही एकाच बैठकीची दोन रूपे असल्याने हा अर्थांतर समजण्यासारखा आहे. शहरातील इंग्रजी वृत्तपत्रे आता हा शब्द ‘के’ने लिहितात. त्यामुळे ‘सी’खाली शोधणाऱ्या अभ्यासकाला संगीताची कचेरी सापडत नाही आणि ‘के’खाली शोधणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्याची.