बाहुल्याची नजर

पेणजवळच्या हमरापूर-जोहे परिसरातील कारखान्यांत मातीच्या मूळ घडणीवरून साचा निघतो, साच्यातून गणेशाचे पोकळ अंग उतरते आणि डोळ्यांची आखणी होताच त्या निश्चल देहास दृष्टी लाभते, हे दृश्य पेण-रोह्याकडील कुटुंबांस सुपरिचित आहे. परंतु मूर्तिकाराचे कसब जेथे विराम पावते, तेथूनच बाहुलीकाराचे खरे काम आरंभते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्ये यांचा. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्यापासून शब्दभ्रमकला त्या घराण्यात नांदते.

बोलक्या बाहुल्याचे पोकळ डोके मानेखालच्या दांड्यावर बसवतात, आणि कळ दाबताच जबडा उघडावा, सोडताच मिटावा, बुबुळे मात्र स्वतंत्र कळीने फिरावीत, अशी तजवीज करतात. माझ्या मते जबड्याहून नजर महत्त्वाची. ती समोरच्या पात्राकडे वेळेवर वळली, तरच बाहुला ऐकतो आहे असे वाटते. रंगमंचावर कलावंत ओठ न हलवता स्वतःच बोलतो. पडद्यावर चालविणारा चौकटीबाहेर दडतो आणि आवाज दुसऱ्याचा असू शकतो. तात्या विंचूस तो दिलीप प्रभावळकरांनी दिला.